अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा : ‘आय-२०’पासून ‘ओपीटी’पर्यंतचे नियम आणि त्यांतील खाचखळगे

अमेरिकेतील विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती पडणे आणि त्या विद्यापीठाच्या वर्गात प्रत्यक्ष जाऊन बसणे, या दोहोंच्या मध्ये अमेरिकी सरकारच्या तीन वेगवेगळ्या यंत्रणा उभ्या असतात. परराष्ट्र खाते व्हिसा देते. अंतर्गत सुरक्षा खात्याचे सीमा अधिकारी विमानतळावर देशात प्रवेश देतात किंवा नाकारतात. आणि त्याच खात्याची आणखी एक शाखा विद्यार्थ्याच्या नोंदीवर, तो त्या देशात असेपर्यंत, लक्ष ठेवून असते. एका यंत्रणेने दिलेली परवानगी दुसरीला बांधील नसते. ही साधी गोष्ट लक्षात न आल्यामुळे वर्षानुवर्षे भारतीय विद्यार्थी अडचणीत येत आले आहेत.

इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन या संस्थेच्या ‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि २००९ नंतर प्रथमच भारताने चीनला मागे टाकले. पुढच्याच वर्षी ही संख्या ३,६३,०१९ वर गेली. त्या वर्षी एकूण परदेशी विद्यार्थी ११,७७,७६६ होते. म्हणजे दर दहा परदेशी विद्यार्थ्यांमागे तीन भारतीय. २०२३-२४ च्या आकड्यांची फोड अधिक बोलकी आहे : १,९६,५६७ जण पदव्युत्तर शिक्षण घेत होते, तर ९७,५५६ जण शिक्षण संपवून ‘ओपीटी’ या प्रशिक्षण परवान्यावर काम करीत होते. पदवीचे विद्यार्थी जेमतेम ३६ हजार. थोडक्यात, भारतातून जाणारा विद्यार्थी प्रामुख्याने दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीसाठी, बहुधा कर्ज काढून, आणि त्यानंतर काही काळ नोकरी करण्याच्या अपेक्षेने जातो. व्हिसाचे नियम मात्र या अपेक्षेला धरून लिहिलेले नाहीत.

व्हिसा नव्हता तेव्हा

१८८३ मध्ये कोलकात्याहून बोटीने निघालेल्या आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये एम. डी. झाल्या. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. या दोघांच्याही काळी विद्यार्थी व्हिसा नावाची वस्तूच अस्तित्वात नव्हती. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून होणाऱ्या स्थलांतराला बंदी घातली, तरी विद्यार्थ्यांना त्यातून वगळले होते. १९२४ च्या स्थलांतर कायद्यात ‘किमान १५ वर्षे वयाचा प्रामाणिक विद्यार्थी’ अशी स्वतंत्र वर्गवारी आली. आज प्रचलित असलेली ‘एफ’ ही श्रेणी १९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्याची देणगी आहे. विद्यार्थी हा ‘बिगर-स्थलांतरित’ असून त्याने मायदेशातील आपले निवासस्थान सोडण्याचा हेतू बाळगता कामा नये, हे कलम तेव्हापासून कायम आहे.

देखरेखीची यंत्रणा मात्र बरीच नंतरची. १९९३ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरवर झालेल्या पहिल्या बॉम्बहल्ल्यातील एक आरोपी विद्यार्थी व्हिसावर आला होता. त्यानंतर १९९६ च्या कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांची माहिती गोळा करण्याचा आदेश दिला. पण विद्यापीठांच्या विरोधामुळे काम रेंगाळले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातील एक विमान अपहरणकर्ताही विद्यार्थी व्हिसावर देशात आला होता. त्याहून मोठी नाचक्की मार्च २००२ मध्ये झाली. हल्ल्याला सहा महिने उलटल्यावर, मृत अपहरणकर्त्यांपैकी दोघांचा दर्जा विद्यार्थी म्हणून बदलून दिल्याची सरकारी पत्रे फ्लोरिडातील एका वैमानिक प्रशिक्षण शाळेच्या टपालात येऊन पडली. पुढच्याच वर्षी जुने स्थलांतर खाते मोडीत निघाले आणि ‘सेव्हिस’ ही संगणकीय नोंद प्रणाली देशभर लागू झाली. आजचा विद्यार्थी ज्या शिस्तीत राहतो, तिचा उगम त्या घटनाक्रमात आहे.

कोणता व्हिसा, कोणते कागद

विद्यापीठीय शिक्षणासाठी ‘एफ-१’, व्यवसाय-प्रशिक्षणासाठी ‘एम-१’ आणि विनिमय कार्यक्रमांसाठी ‘जे-१’ असे तीन प्रकार आहेत. भारतीयांपैकी बहुसंख्य ‘एफ-१’वर जातात. ‘जे-१’वर जाणाऱ्यांपैकी काहींना, विशेषतः सरकारी निधीतून शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना, शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. कौशल्यसूचीमुळे लागू होणाऱ्या या अटीतून भारताचे नाव डिसेंबर २०२४ मध्ये वगळण्यात आले. सरकारी निधीची अट मात्र तशीच आहे.

सुरुवात ‘आय-२०’ या प्रमाणपत्राने होते. विद्यापीठाने प्रवेश दिल्यावर आणि पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढी आर्थिक तरतूद विद्यार्थ्याने दाखवल्यावर विद्यापीठातील नियुक्त अधिकारी हे प्रमाणपत्र जारी करतो. त्याला तेथे ‘डीएसओ’ म्हणतात. विद्यार्थ्याच्या पुढच्या सगळ्या वर्षांत त्याचा सर्वाधिक संबंध याच अधिकाऱ्याशी येतो, तरी पुष्कळांना त्याचे नावही ठाऊक नसते. प्रमाणपत्रावरील नावाचे स्पेलिंग पारपत्राशी अक्षरशः जुळते का, अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख, पदवीची पातळी आणि दाखवलेला खर्च बरोबर आहे का, हे त्याच दिवशी तपासावे. ज्यांच्या पारपत्रात आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यांनी विशेष दक्षता घ्यावी. तेथे झालेली गफलत पुढे वाहन परवान्यापासून बँक खात्यापर्यंत पाठ सोडत नाही.

‘आय-२०’ देण्याचा अधिकार केवळ सरकारमान्य संस्थांनाच असतो. मात्र ही मान्यता म्हणजे संस्थेच्या सचोटीची हमी, असे समजणे महागात पडू शकते. कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर जानेवारी २०११ मध्ये छापा पडला तेव्हा तेथे नोंदलेल्या दीड हजारांहून अधिक विद्यार्थ्यांत बहुतांश भारतीय, त्यातही तेलुगू भाषक प्रदेशातील होते. त्यांपैकी काहींच्या पायात इलेक्ट्रॉनिक कडी अडकवण्यात आली आणि भारत सरकारला निषेध नोंदवावा लागला. संस्थेच्या प्रमुखाला पुढे सोळा वर्षांहून अधिक काळाची शिक्षा झाली. दुसरा प्रकार अधिक विलक्षण. मिशिगनमधील ‘फार्मिंग्टन विद्यापीठ’ हे अंतर्गत सुरक्षा खात्यानेच उभारलेले सापळा-विद्यापीठ होते. त्याचे नाव सरकारच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत झळकत होते. वर्ग आणि प्राध्यापक नव्हतेच. जानेवारी २०१९ मध्ये पहिल्या फेरीत ताब्यात घेतलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. त्यांतील सर्वच भाबडे होते असे नव्हे, आणि सर्वच लबाड होते असेही नव्हे. पण दोन्ही प्रकरणांतून एक खूण स्पष्ट झाली : जेथे वर्गात हजर राहण्याची गरज नाही आणि पहिल्याच दिवसापासून पूर्णवेळ नोकरीची परवानगी मिळते असे सांगितले जाते, ती संस्था नोकरीचा कागद विकते, शिक्षण नव्हे.

‘आय-२०’ मिळाल्यावर ‘सेव्हिस’चे शुल्क भरावे लागते. ‘एफ’ आणि ‘एम’ श्रेणींसाठी ते ३५० डॉलर, तर ‘जे’साठी सर्वसाधारणपणे २२० डॉलर आहे. व्हिसा अर्जाचे शुल्क जून २०२३ पासून १८५ डॉलर आहे. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या अर्थविषयक कायद्यात व्हिसा मंजूर होताना आणखी २५० डॉलर आकारण्याची तरतूद करण्यात आली आहे. त्यामुळे अर्ज भरतेवेळी दूतावासाच्या संकेतस्थळावरील शुल्कतक्ता पाहूनच पैशांची जुळवाजुळव करावी. व्हिसा नाकारला गेला तरी यातील काही परत मिळत नाही. एवढेच की, त्याच श्रेणीत बारा महिन्यांच्या आत पुन्हा अर्ज केल्यास ‘सेव्हिस’चे शुल्क दुसऱ्यांदा द्यावे लागत नाही.

नंतर ‘डीएस-१६०’ हा ऑनलाइन अर्ज. त्यात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे देणे २०१९ पासून बंधनकारक आहे. जून २०२५ पासून यात मोठी भर पडली. त्या वर्षी २७ मे रोजी विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखती थांबवण्यात आल्या आणि १८ जूनला त्या पुन्हा सुरू करताना ‘एफ’, ‘एम’ व ‘जे’ अर्जदारांनी आपली सर्व खाती सार्वजनिक ठेवावीत, अशी सूचना निघाली. ऐन हंगामातील हे तीन आठवडे अनेकांचे सत्र हुकवून गेले. वापरात नसलेले जुने खाते नमूद न करणे ही क्षुल्लक बाब वाटते. अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती माहिती दडवणे ठरू शकते.

मुलाखतीची तीन मिनिटे

भारतात दिल्लीतील दूतावास आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता व हैदराबाद येथील वाणिज्य दूतावास विद्यार्थी व्हिसा देतात. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश व छत्तीसगड ही राज्ये मुंबईच्या कार्यक्षेत्रात येतात. हे कार्यालय २०११ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. अर्जदाराला दोन फेऱ्या माराव्या लागतात : एक, व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी आणि दुसरी, मुलाखतीसाठी. सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून सूट मिळण्याचे मार्ग बहुतांशी बंद झाले असून, अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा, असा नियम झाला आहे. त्यामुळे मुंबईत तारीख मिळत नाही म्हणून तिसऱ्याच देशात जाऊन मुलाखत देण्याची जुनी युक्ती आता उपयोगाची नाही. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३६५ दिवस आधीपर्यंत व्हिसा मिळू शकतो, पण देशात प्रवेश मात्र ३० दिवसांहून अगोदर करता येत नाही.

मुलाखत काचेच्या खिडकीपुढे, उभ्याने आणि बहुधा दोन-तीन मिनिटांत आटोपते. तिच्यासाठी घरच्या घरी महिनोन् महिने तालीम चाललेली असते आणि शिकवण्यांचा एक धंदाच त्याभोवती उभा राहिला आहे. पाठ केलेली उत्तरे अधिकाऱ्याला खिडकीतून लगेच कळतात, कारण आदल्या पाच अर्जदारांनी तीच दिलेली असतात. याच विद्यापीठात का, हाच विषय का, खर्च कोण करणार, पुढे काय करणार, या चार प्रश्नांभोवती संभाषण फिरते. निवडलेल्या अभ्यासक्रमात काय शिकवतात हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते, त्याला फारशा तयारीची गरज पडत नाही.

कायद्याची खरी मेख २१४(ब) या कलमात आहे. प्रत्येक अर्जदार हा कायमच्या वास्तव्यासाठीच येत आहे, असे गृहीत धरून अधिकाऱ्याने सुरुवात करायची आणि तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे, अशी ही उलटी मांडणी आहे. आरोप सिद्ध होईपर्यंत निर्दोष, या परिचित तत्त्वाला येथे जागा नाही. या कलमाखाली झालेल्या नकारावर अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, शुल्क पुन्हा भरून. आणि परिस्थितीत काही फरक पडलेला नसेल तर निकालातही फरक पडण्याची शक्यता कमी. बावीस वर्षांच्या मुलाकडे घर, शेती, नोकरी, संसार असे मायदेशाशी बांधून ठेवणारे पाश कोठून असणार, हे परराष्ट्र खात्यालाही मान्य आहे. अधिकाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे की, विद्यार्थ्याच्या बाबतीत दूरच्या भविष्यापेक्षा त्याचा आजचा हेतू पाहावा. तरीही तो हेतू मोजण्याचे माप अधिकाऱ्याच्या मनातच असते.

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाची कोंडी नेमकी येथे होते. घर किंवा जमीन तारण ठेवून काढलेले शैक्षणिक कर्ज भारतातल्या नवख्या पगारातून फिटण्यासारखे नसते, हे बँकेला, पालकांना आणि विद्यार्थ्याला पक्के माहीत असते. किमान काही वर्षे डॉलरमध्ये कमावण्याची तजवीज त्या हिशेबात धरलेली असते. तीन वर्षांपर्यंत काम करू देणारी सवलत अमेरिकेचेच सरकार देते. पण खिडकीपुढे उभे राहून ‘कर्ज फेडण्यासाठी तिथे नोकरी करणार’ असे म्हणणारा अर्जदार नकाराला आमंत्रण देतो. खोटे बोलणे हा यावरचा उपाय नाही, कारण लबाडी किंवा खोटी माहिती सिद्ध झाल्यास कायद्यातील दुसरे कलम लागू होते आणि ते जवळपास कायमची प्रवेशबंदी करते. शिक्षण हा प्रमुख हेतू आहे, खर्चाची सोय नोकरीवर विसंबून नाही आणि परतल्यावर या पदवीचा येथे उपयोग आहे, एवढे जर खरे असेल तर तेवढेच स्पष्टपणे सांगणे हा सुरक्षित मार्ग होय. ते खरे नसेल, तर प्रश्न मुलाखतीच्या तयारीचा राहत नाही.

आर्थिक पुराव्याबाबत नियम असा आहे की, पहिल्या वर्षाचा खर्च हाताशी असावा आणि पुढील वर्षांच्या खर्चाची विश्वसनीय सोय दिसावी. बँकेचे मंजुरीपत्र, ठेवी, पालकांची प्राप्तिकर विवरणपत्रे हे कागद पुरेसे असतात. मुलाखतीच्या आदल्या महिन्यात नातेवाइकांकडून घेऊन खात्यात ‘दाखवण्यापुरते’ फिरवलेले पैसे अनुभवी नजरेला सहज दिसतात. भारतातून पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत दर आर्थिक वर्षी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून उगमस्थानी कर वसूल होत नाही.

काही वेळा अधिकारी २२१(ग) कलमाची चिठ्ठी देतो. त्याचा अर्थ कागद अपुरे आहेत किंवा आणखी पडताळणी व्हायची आहे. संवेदनशील तंत्रज्ञानाच्या विषयांत संशोधन करणाऱ्यांना ही चिठ्ठी अधिक मिळते. अशा वेळी विद्यापीठाला कळवून सत्र पुढे ढकलण्याची आणि ‘आय-२०’वरील तारीख बदलून घेण्याची तयारी ठेवावी.

व्हिसा वेगळा, दर्जा वेगळा

पारपत्रावर चिकटवलेला व्हिसा ही दारावर टकटक करण्याची परवानगी आहे. भारतीय विद्यार्थ्याला तो साधारणतः पाच वर्षांच्या मुदतीचा मिळतो. विमानतळावर सीमा अधिकारी प्रवेश देतो तेव्हा ‘आय-९४’ ही नोंद तयार होते आणि तेथून विद्यार्थ्याचा ‘दर्जा’ सुरू होतो. व्हिसाची मुदत अमेरिकेत असताना संपली तरी दर्जाला धक्का लागत नाही. फक्त बाहेर जाऊन परतायचे असेल तेव्हा नवा व्हिसा लागतो. उलट, व्हिसाची मुदत तीन वर्षे शिल्लक असूनही दर्जा एका चुकीने जाऊ शकतो. प्रवेश झाल्यावर ‘आय-९४’ची नोंद संकेतस्थळावरून उतरवून घेऊन तीत ‘एफ-१’ आणि ‘डी/एस’ ही अक्षरे आहेत का, हे पाहणे पहिल्या आठवड्यातले काम.

‘डी/एस’ म्हणजे दर्जा टिकेल तोपर्यंत. प्रवेशाला ठरावीक अखेरची तारीख नाही, हे विद्यार्थी श्रेणीचे वैशिष्ट्य. अंतर्गत सुरक्षा खात्याने ऑगस्ट २०२५ मध्ये ही पद्धत बदलून जास्तीत जास्त चार वर्षांची निश्चित मुदत देण्याचा आणि शिक्षण संपल्यानंतरचा सवलतीचा काळ ६० दिवसांवरून ३० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. पाच-सहा वर्षे चालणाऱ्या पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना त्यात मुदतवाढीसाठी सरकारकडे स्वतंत्र अर्ज करावा लागेल. जुन्या पद्धतीत हे काम विद्यापीठातच होत असे. जाणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्याला लागू असलेला नियम कोणता, हे आपल्या ‘आय-९४’वरून आणि ‘डीएसओ’कडूनच ठरवावे.

दर्जा टिकवण्याच्या अटी समजायला सोप्या आणि विसरायलाही सोप्या. पदवीच्या विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट घेतलेच पाहिजेत. पदव्युत्तरसाठी पूर्णवेळ म्हणजे किती, हे विद्यापीठ ठरवते. पूर्णवेळाच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय धरला जातो. विषय जड जातो म्हणून परस्पर सोडून देणे ही वारंवार होणारी चूक आहे. आजारपण किंवा सुरुवातीच्या शैक्षणिक अडचणी यांसाठी कमी क्रेडिटची सवलत आहे, पण ‘डीएसओ’ची परवानगी विषय सोडण्यापूर्वी घ्यावी लागते, नंतर नव्हे. घर बदलल्यास दहा दिवसांत नवा पत्ता कळवावा लागतो. परवानगी घेऊन शिक्षण मध्येच सोडले तर देश सोडण्यास १५ दिवस मिळतात. परवानगीविना सोडले तर एकही नाही.

२०२५ च्या वसंतात या सगळ्या चौकटीलाच हादरा बसला. मार्च-एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या ‘सेव्हिस’ नोंदी सरकारने अचानक रद्द केल्या. अनेकांच्या बाबतीत कारण म्हणून एखादा जुना वाहतूक गुन्हा किंवा पुढे निकालात निघालेली पोलीस नोंद एवढेच दिसत होते, आणि काहींना हे विद्यापीठानेच कळवले. देशभरातील न्यायालयांत शंभरहून अधिक दावे दाखल झाले, ठिकठिकाणी तात्पुरते मनाई हुकूम निघाले आणि २५ एप्रिलला सरकारी वकिलांनी नोंदी पूर्ववत करीत असल्याचे न्यायालयाला सांगितले. व्हिसा रद्द होणे म्हणजे आपोआप दर्जा जाणे नव्हे, हा फरक त्या दाव्यांत कळीचा ठरला. ज्यांनी घाबरून तत्काळ मायदेश गाठला होता, त्यांचा परतीचा मार्ग राहिलेल्यांच्या तुलनेत बराच अवघड झाला. मद्यपान करून वाहन चालवल्याबद्दल झालेली अटक हे व्हिसा रद्द होण्याचे जुनेच कारण आहे आणि तेथे खटल्याच्या निकालाची वाट पाहिली जातेच असे नाही.

काम : किती, कोठे, केव्हा

सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तास आणि सुटीत पूर्णवेळ काम करता येते. ग्रंथालय, भोजनगृह, प्रयोगशाळा, अध्यापन साहाय्य ही त्यातली नेहमीची कामे. आवाराबाहेर पेट्रोलपंपावर वा उपाहारगृहात रोखीने केलेले काम, तास कितीही कमी असले तरी, नियमभंगच असतो. हे काम देणारे कित्येकदा आपल्याच देशाचे असतात आणि तक्रार करता येणार नाही हे ओळखून मजुरीही कमी देतात.

आवाराबाहेरच्या वैध कामाचे दोन मुख्य मार्ग आहेत. अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून होणारी इंटर्नशिप ‘सीपीटी’ या परवानगीवर करता येते. तिला साधारणतः एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेले असावे लागते आणि परवानगी ‘डीएसओ’ देतो. पूर्णवेळ ‘सीपीटी’ बारा महिने किंवा अधिक झाली, तर त्याच पातळीवरील ‘ओपीटी’चा हक्क जातो. हा तपशील घाईत सुटतो आणि पदवी हाती आल्यावर कळतो.

‘ओपीटी’ म्हणजे शिकलेल्या विषयातच बारा महिने काम करण्याची मुभा. अर्ज स्थलांतर सेवा खात्याकडे, अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या ‘स्टेम’ विषयांच्या पदवीधरांना आणखी २४ महिने मिळतात. २००८ मध्ये ही वाढ १७ महिन्यांची होती, २०१६ मध्ये ती २४ झाली. तिच्यासाठी नोकरी देणारी कंपनी ‘ई-व्हेरिफाय’ प्रणालीत नोंदलेली असावी लागते आणि प्रशिक्षणाचा लेखी आराखडा सादर करावा लागतो. पहिल्या बारा महिन्यांत बेकारीचे एकूण ९० दिवसच चालतात. ‘स्टेम’ वाढीसह ही मर्यादा १५० दिवस. नोकरकपातीच्या काळात ही मोजणी विद्यार्थ्यांची झोप उडवते, आणि त्याच हतबलतेत कागदोपत्री नोकरी दाखवणाऱ्या सल्लागार कंपन्यांचे जाळे पसरते. ‘ओपीटी’ ही संसदेच्या कायद्याने नव्हे तर नियमांनी दिलेली सवलत आहे, त्यामुळे ती बदलणे प्रशासनाच्या हाती आहे, ही बाब कर्जाचा हिशेब मांडताना विसरू नये.

त्यापुढचा टप्पा ‘एच-१बी’. दरवर्षी ६५,००० आणि अमेरिकेतील पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० अशी त्याची मर्यादा आहे आणि अर्ज त्याहून किती तरी अधिक येतात. सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने नव्या ‘एच-१बी’ अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला. मात्र देशातच राहून विद्यार्थी दर्जातून बदल करून घेणाऱ्यांना तो लागू नसल्याचे ऑक्टोबरमध्ये स्थलांतर सेवा खात्याने स्पष्ट केले. ज्याचा अर्ज दाखल झाला आहे पण ‘ओपीटी’ संपत आहे, त्याला दर्जा आणि कामाची मुभा पुढच्या १ एप्रिलपर्यंत वाढवून मिळू शकते.

प्रवास, कर, कुटुंब

सुटीत घरी येण्यापूर्वी ‘आय-२०’वर ‘डीएसओ’ची प्रवास स्वाक्षरी असावी; ती एक वर्ष, तर ‘ओपीटी’च्या काळात सहा महिने ग्राह्य धरली जाते. पाच महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास दर्जा जाऊ शकतो. कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांहून कमी काळासाठी गेलेल्याला मुदत संपलेल्या व्हिसावरही सर्वसाधारणपणे परतता येते. पण तेथे जाऊन नव्या व्हिसासाठी अर्ज केला तर ही सवलत राहत नाही.

उत्पन्न नसले तरी दर वर्षी ‘८८४३’ क्रमांकाचा अर्ज कर खात्याला पाठवावा लागतो. पहिली पाच कॅलेंडर वर्षे ‘एफ-१’ विद्यार्थ्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षा व मेडिकेअरची कपात होऊ नये. अनेक छोट्या कंपन्या ती अजाणता करतात आणि ती परत मागता येते. भारत-अमेरिका कर कराराच्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते. बहुतेक अन्य देशांच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही, तरी विवरणपत्र भरताना कित्येक भारतीय ती सोडून देतात.

जोडीदार आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले ‘एफ-२’वर सोबत जाऊ शकतात. जोडीदाराला तेथे नोकरी करता येत नाही. २०१५ पासून अर्धवेळ शिक्षण घेण्याची मुभा आहे. भारतात चांगल्या नोकरीवर असलेल्या पत्नीने ती सोडून जायचे की नाही, हा निर्णय या एका ओळीवर अवलंबून असतो.

दर्जा गेला तर तो परत मिळवण्यासाठी पाच महिन्यांच्या आत स्थलांतर सेवा खात्याकडे अर्ज करता येतो. चूक आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाली आणि विनापरवाना काम केलेले नाही, हे दाखवावे लागते. १८ वर्षांवरील प्रत्येक परदेशी व्यक्तीने आपल्या नोंदणीचा पुरावा, म्हणजे बहुधा ‘आय-९४’ची प्रत, जवळ बाळगणे कायद्याने आवश्यक आहे. ताब्यात घेतले गेल्यास आपल्या देशाच्या वाणिज्य दूतावासाशी संपर्क साधू देण्याची मागणी करण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे. वॉशिंग्टनमधील दूतावासाखेरीज न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा आणि सिएटल येथे भारताचे वाणिज्य दूतावास आहेत. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नोंदणीची सोय असून, ती भारत सोडण्यापूर्वीही करता येते.